माझी पिन बघशील का?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असते. गेल्या वर्षापासून शनिवार-रविवारी ती विमानातून उड्या मारायला जाते. आधी इन्स्ट्रक्टर बरोबर असायचे, आता एकटी उडी मारते आणि आपल्या पॅराशूटची घडीही स्वतःच घालते म्हणे. तिचे व्हिडिओ बघताना माझा जीव खालीवर होतो. एखाद्या दिवशी पॅराशूट उघडलंच नाही तर? 'आई, आम्ही विमानात एकमेकांची पिन बघतो, काळजी करू नकोस,' असं तिचं ठरलेलं उत्तर. ही पिन म्हणजे काय? आणि ज्यांची धड ओळखही नाही अशा माणसांच्या भरवशावर तिने का राहावं?
(एक आई, सांगली)

उत्तर : ताई, पिनपासूनच सुरुवात करतो, कारण मुलीने तुम्हाला अगदी मर्माची गोष्ट सांगितली आहे.

पाठीवर जी पिशवी बांधतात तिला हे लोक रिग म्हणतात. तिच्यात दोन पॅराशूट असतात. खालच्या कप्प्यात नेहमीचं, म्हणजे मेन. वरच्या कप्प्यात राखीव. प्रत्येक कप्प्याच्या झडपा एकावर एक आणून त्यांच्यातून दोरीचा एक छोटा फास वर काढतात आणि त्या फासात धातूची बारीक पिन सारतात. पिन निघाली की कप्पा उघडतो. ती नीट बसलेली नसेल, तर विमानातल्या दाटीवाटीत कुणाला तरी घासून वेळेआधीच निसटू शकते. दार उघडं असताना पॅराशूट असं बाहेर गेलं आणि शेपटीत अडकलं, तर त्या एका माणसाबरोबर विमानातल्या सगळ्यांवर बेतते. पण पिन असते पाठीवर. ज्याची त्याला ती दिसत नाही. म्हणून उडीच्या आधी प्रत्येक जण शेजारच्याला विचारतो, 'माझी पिन बघशील का?' पाचशे उड्या मारलेला माणूसही कालच आलेल्या पोराला हे विचारतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आता उघडलंच नाही तर काय, ते पाहू. मेन पॅराशूट कधीतरी दगा देणार, हे या खेळात धरूनच चालतात. दोऱ्यांना पीळ पडतो, कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, आपल्या पिशवीतून सुटतच नाही, किंवा एक बाजू फुगते आणि दुसरी चुरगळलेली राहते. हजारेक उड्यांत एकदा, असा जुन्याजाणत्यांचा ठोकताळा आहे. पीळ बहुधा पाय मारून सोडवता येतो. जे सुटत नाही, त्याच्याशी झगडत बसायचं नाही. उजवीकडचं हँडल ओढलं की मेन खांद्यांपासून सुटून जातं, डावीकडचं ओढलं की राखीव उघडतं. खांद्यावरची ही सोडवणूक बिल बूथ या अमेरिकनाने १९७०च्या दशकात शोधली. एकीत एक ओवलेल्या तीन कड्यांमध्ये माणसाचा भार असा वाटला जातो, की शेवटच्या फासावर अगदी थोडा ताण उरतो आणि हाताच्या एका ओढीने सगळं मोकळं होतं. आज जगभर हीच रचना वापरतात.

राखीव पॅराशूटची घडी मात्र तुमची मुलगी घालत नाही. ते काम परवाना असलेल्या रिगरचं. अमेरिकेत ते वापरलं असो वा नसो, दर १८० दिवसांच्या आत उघडून, तपासून पुन्हा बांधावं लागतं, आणि रिगर त्या पिनेवर आपल्या खुणेचं सील लावतो. शिवाय रिगमध्ये एक छोटं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध पडला, भांबावला, कुठलंच हँडल ओढलं नाही, तरी ते उंची आणि वेग मोजत राहतं. अनुभवी लोकांच्या यंत्राची नेहमीची मर्यादा अशी : साधारण ७५० फुटांवरही वेग ताशी १२६ किलोमीटरच्या वर असेल, तर त्यातलं बारीक पातं राखीव कप्प्याचा तो दोरीचा फासच कापून टाकतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या 'सायप्रेस'मुळे हे यंत्र खऱ्या अर्थाने विश्वासाचं झालं. त्याने किती घरांतला आकांत टाळला असेल!

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींप्रमाणे १९७०च्या दशकात तिथे वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसं या खेळात जात. २०२३ मध्ये अंदाजे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० मृत्यू झाले. म्हणजे साडेतीन लाखांहून अधिक उड्यांमागे एक. तुमची धडधड आकड्यांनी थांबणार नाही, हे मला कळतं. पण तुमची भीती जिथे आहे तिथे मोठा धोका आता उरलेला नाही, एवढं त्यातून दिसावं.

मग तो कुठे आहे? जमिनीजवळ, पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली. आजची कॅनोपी जुन्या गोल छत्रीसारखी नुसती खाली येत नाही. ती पंखासारखी उडते, वळते, वेग घेते. वळताना ती खाली झुकते आणि तिच्याखालचा माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. उंची असेल तर दोघं पुन्हा सरळ होतात. शंभर फुटांवर तशी जोराची वळणं घेतली, तर सरळ व्हायला जागाच उरत नाही. कॅनोपी जितकी लहान, तितकी ती चपळ आणि तितकीच क्षमा न करणारी. शिकाऊ मुलांना म्हणूनच मोठी, संथ कॅनोपी देतात. पहिल्या पाच-पंचवीस उड्या बहुतेक जण अतिशय सांभाळून मारतात. शे-दोनशे उड्या झाल्यावर, हात बसला असं वाटू लागल्यावर, लहान कॅनोपीचा मोह होतो. माझ्या मते काळजीचा काळ तो. बिल बूथनेच एक नियम सांगून ठेवला आहे : साधनं जितकी सुरक्षित होतील, तितकी माणसं जास्त धोका पत्करतील. आयुष्यभर साधनं सुरक्षित करत आलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे.

तेव्हा फोनवर मुलीला 'पॅराशूट उघडलं ना?' असं विचारू नका. 'सध्या किती चौरस फुटांची कॅनोपी वापरतेस? बदलणार असशील तर कुणाला विचारलंस?' असं विचारा. 'वारा वाढल्यावर या आठवड्यात उडी न मारता खाली बसलीस का?' असंही विचारा. ती चकित होईल आणि मनापासून उत्तर देईल.

राहिला अनोळखी माणसांचा प्रश्न. तिचं शिक्षण कसं झालं ते पाहा. एएफएफ या पद्धतीत पहिल्या उडीआधी जवळजवळ दिवसभर जमिनीवर तालीम असते. पोटावर झोपून कंबर पुढे काढायची, टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळत हँडल शोधायची, पाय जुळवून कुशीवर पडायचं. मग तेरा हजार फुटांवरून दोन इन्स्ट्रक्टर तिला दोन्हीकडून धरून बाहेर पडतात. ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात शब्द ऐकू येत नाही, म्हणून खुणा असतात. दोन बोटं दाखवली की पाय लांब कर, मनगटाकडे बोट केलं की उंची बघ. पाऊण मिनिटात साडेपाच हजार फूट येतात आणि ती स्वतः पॅराशूट उघडते. अडीच हजार फूट ही तिची निर्णयाची उंची. तोवर डोक्यावर उतरण्याजोगी कॅनोपी नसेल, तर पुढचा विचार न करता राखीव. पडण्याच्या वेगाने तिथून जमीन चौदाएक सेकंदांवर असते. किमान पंचवीस उड्या आणि त्यातली परीक्षा झाल्यावर 'ए' परवाना मिळतो. या सगळ्या काळात ज्यांनी तिला हाताने धरलं, तिची घडी दहा वेळा सोडायला लावली, वारा बघून तिला खाली बसवलं, ती माणसं अनोळखी कशी म्हणावीत?

आणि अनुभवी माणसालाही अशा सोबत्याची गरज असते. १९८८च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनात आठशेहून अधिक उड्या मारलेला एक जण विद्यार्थ्याचं चित्रण करायला विमानातून बाहेर पडला. त्या काळी व्हिडिओचं सामान जड असे, तो ते अंगावर बांधत असे. त्या दिवशी पाठीवर पॅराशूट नव्हतं, हे त्याला हवेत कळलं. तो वाचला नाही. अंगावरच्या त्या जड सामानाने पॅराशूट असल्याचा भास दिला असावा. एकाने जरी 'तुझी पिन बघू' म्हटलं असतं, तरी! म्हणून आज जमिनीवर रिग चढवण्याआधी एकदा, विमानात चढण्याआधी एकदा आणि उडीच्या थोडं आधी पुन्हा एकदा तपासणी करायची, असा पाठ देतात.

तुमची मुलगी संध्याकाळच्या बैठकीबद्दलही बोलली असेल. पहिली एकट्याची उडी, पहिला परवाना, पहिल्यांदा राखीव उघडावं लागणं, काहीही पहिल्यांदा घडलं की त्या माणसाने सगळ्यांना बिअर द्यायची, असा रिवाज आहे. शेवटचं विमान उतरल्याशिवाय मात्र एकही बाटली उघडत नाही. हा नियम कडक आहे. त्या बैठकीत चुका मोकळेपणाने सांगतात : कोण खूप खाली येऊन उघडला, कुणाच्या कॅनोप्या हवेत जवळ आल्या. संघटनेच्या मासिकातही अपघातांचे वृत्तांत नाव न घेता, काय झालं आणि काय करायला हवं होतं, अशा रीतीने छापतात. ज्या घरात चूक सांगितली की ओरडा बसतो, तिथे चुका लपतात. इथे त्या लपू नयेत याची सगळ्यांनी मिळून सोय केली आहे. याच कारणाने, ढग आले किंवा मन धजेना म्हणून विमानातूनच परत खाली येणाऱ्याला कुणी हसत नाही. चांगल्या तळावर त्याच्या पाठीवर थाप पडते. तसं होत नसेल, तर तो तळ बदलायला मुलीला सांगा. एवढा हक्क आईला नक्की आहे.

प्रश्न : हवेत हात धरून फुलासारखे आकार करतात, तेव्हा एकमेकांवर आपटत नाहीत का? आणि मग पॅराशूट उघडताना गुंतत कसे नाहीत?
(वाचक, ठाणे)

उत्तर : आपटू शकतात, आणि म्हणूनच उडीच्या आधी जमिनीवर बराच वेळ जातो. कुणी कुठून यायचं, कुणाचं मनगट धरायचं, हे आधी चालून पाहतात. मग चाकांच्या फळीवर पालथं झोपून तीच रचना सरकत सरकत करतात. हवेत सगळे साधारण एकाच वेगाने पडत असतात, त्यामुळे एकमेकांच्या नजरेला ते स्थिर दिसतात. हातपाय थोडे आवळले की माणूस जरा वेगाने खाली जातो, पसरले की मंद होतो. आपल्या जागेखाली गेलेला माणूस खालून वर येऊन रचनेत घुसत नाही. तो बाजूला राहतो, कारण त्याच्या अंगामुळे वरच्यांची हवा बिघडते.

ठरलेल्या उंचीवर सगळे हात सोडतात, पाठ फिरवतात आणि हात अंगाशी घेऊन बाणासारखे चारी दिशांना पांगतात. पॅराशूट उघडण्याआधी दोन्ही हात डोक्यावर हलवायचे. वर कुणी असेल तर त्याला इशारा मिळतो. पांगण्याची शिस्त ज्याला जमत नाही, त्याला मोठ्या रचनेत घेत नाहीत, मग तो कितीही देखणा उडत असो.

या शिस्तीचं सर्वांत मोठं दर्शन ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधल्या उडोन थानी इथे घडलं. हर्क्युलिस विमानांतून पंचवीस हजार फुटांवरून बाहेर पडलेल्या ४०० जणांनी एकच रचना बांधली आणि ती सव्वाचार सेकंद टिकवली. तीसहून अधिक देशांतली माणसं होती. चारशेंतला एक जरी आपल्या जागी पोचला नसता, तर विक्रम झाला नसता. सव्वाचार सेकंदांसाठी हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. मला त्यात माणसांच्या एकोप्याचं फार सुंदर रूप दिसतं, आणि ते मी मोकळेपणाने सांगतो.

प्रश्न : विमानातून उडी मारल्यावर पोटात गोळा येतो का? श्वास घेता येतो का?
(इयत्ता आठवीतली विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : आकाशपाळण्यात येतो तसा गोळा सहसा येत नाही. विमान आधीच वेगात असतं, त्यामुळे बाहेर पडताच समोरचा वारा अंगाला लागतो. पहिल्या दहाएक सेकंदांत वेग हळूहळू ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पोचतो आणि मग वाढत नाही, कारण खाली ओढणारं वजन आणि वर रेटणारी हवा यांचा तोल जमतो. वाऱ्यावर पालथं झोपल्यासारखं वाटतं, असं स्कायडायव्हर सांगतात. श्वासही घेता येतो. घाबरून तो रोखणारेच जास्त असतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र जाणत्या लोकांनाही वाटायचं, की मोकळं पडताना माणसाची शुद्ध हरपेल. अमेरिकेत ओहायोमध्ये लेस्ली अर्विनने २८ एप्रिल १९१९ रोजी विमानातून उडी मारली, पडत असताना स्वतःच्या हाताने दोरी ओढून पॅराशूट उघडलं आणि ती समजूत खोटी ठरवली. उतरताना त्याचा घोटा मोडला. तुला या प्रश्नासाठी शाबासकी.

प्रश्न : पुण्याच्या शीतल महाजन यांनी नऊवारी नेसून उडी मारली होती. एवढं लुगडं पॅराशूटमध्ये अडकलं असतं तर? हा धोका अनाठायी नव्हता का?
(वाचक, नाशिक)

उत्तर : शंका रास्त आहे. सैल कापड हा स्कायडायव्हरचा शत्रूच. पदर फडफडत हँडलवर आला तर हँडल दिसत नाही. मेन उघडण्यासाठी रिगच्या तळाशी जी छोटी छत्री हाताने हवेत फेकायची असते, तिच्याभोवती कापड गुंडाळलं तर प्रकरण फारच बिकट. म्हणून असा पोशाख करायचा तर कापड अंगासरशी घट्ट बांधून पट्ट्यांखाली घ्यावं लागतं आणि सगळी हँडल मोकळी आहेत का, हे दुसऱ्याकडून पुन्हा पुन्हा तपासून घ्यावं लागतं. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, त्या दृष्टीने पाचवारीपेक्षा नऊवारी बरी.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. शीतलताईंनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी मारली, २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. नऊवारीतली उडी झाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला, सुमारे तेरा हजार फुटांवरून, म्हणजे शेकडो उड्या गाठीशी असताना. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून २१,५०० फुटांवरून उडी मारली. एवढ्या वर्षांच्या सरावानंतर घेतलेला नऊवारीचा निर्णय अनाठायी नव्हता, असं माझं मत आहे. पंचवीस-तीस उड्यांनंतर कुणी फोटोसाठी तसं करायला निघाला, तर मात्र त्याच्या सोबत्यांनी त्याला तिथेच थांबवायला हवं. अंगात पंखांचा सूट घालून उडण्यासाठी अमेरिकेत दोनशे उड्यांची अट आहे आणि हेल्मेटला कॅमेरा लावण्यासाठीही तेवढ्याच उड्यांचा सल्ला दिला जातो, तो याच विचाराने.

प्रश्न : शिकायचं नाही, आयुष्यात एकदाच अनुभव घ्यायचा आहे. वय ५२. काय बघून ठरवू?
(वाचक, मडगाव)

उत्तर : मग टँडम. इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात तुम्हाला पट्ट्यांनी जखडलेलं असतं. दोघांच्या वजनामुळे वेग फार वाढतो, म्हणून बाहेर पडताच एक छोटी छत्री मागे सोडून तो आवरतात. पॅराशूट इन्स्ट्रक्टरच उघडतो, तोच उतरवतो. तुमचं काम कंबर पुढे काढणं आणि उतरताना पाय वर धरणं. वय अडचण नाही. पाठ, गुडघे, रक्तदाब, हृदय यांबद्दल डॉक्टरांशी बोला आणि वजन खरं सांगा, कारण पट्टे आणि पॅराशूट त्यावरून ठरतात.

भारतात हरियाणातल्या नारनौलजवळच्या धावपट्टीवर अशा उड्या होतात. पैसे भरण्याआधी तिथे तीन गोष्टी विचारा. इन्स्ट्रक्टरकडे टँडमचा परवाना आहे का? अमेरिकन संघटना त्यासाठी खेळातली तीन वर्षं आणि किमान पाचशे उड्या मागते. राखीव पॅराशूट शेवटचं कधी बांधलं आणि आपोआप उघडणारं यंत्र चालू आहे का? आणि वाऱ्यामुळे उडी रद्द झाली तर काय? 'आमच्याकडे रद्द होतच नाही,' असं उत्तर आलं तर तिथे उडी मारू नका. 'थांबावं लागेल, कदाचित उद्या यावं लागेल,' असं म्हणाले तर परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा.